अंगणातला पर्जन्यमापक: चार इंची पाइपातून पाऊस मोजायची रीत

रात्री चांगला सडकून पाऊस झाला की सकाळी पारावर आकडे सुरू होतात. कुणी म्हणतं दोन इंच झाला, कुणी म्हणतं चार. बहुतेकांचा पुरावा एकच असतो, अंगणात राहिलेली बादली. पण बादली खोटं बोलते. तळाशी २२ सें.मी., तोंडाशी ३० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच अशी साधी प्लास्टिकची बादली घ्या. तिच्यात ५० मि.मी. पाऊस पडला तर पट्टी बुडवल्यावर ८४ मि.मी. भरतात. पाणी गोळा होतं रुंद तोंडातून आणि साठतं अरुंद तळात, म्हणून ते उंच दिसतं. ज्याला ५० मि.मी.ला ८४ वाटले, तो पेरणीची घाई करणारच.

मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी साडेसहाशे ते सातशे मि.मी. पाऊस धरतात. त्यातही वळवाचा आणि मृगाचा पाऊस ढगागणिक पडतो. एका शिवारात पन्हाळी वाहतात आणि ओढ्यापलीकडच्या वावरात धूळ उडते. महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आकडा अनेक गावांसाठी एकच असतो. आपल्या रानात किती पडला हे कळायला आपल्याच रानात मापक हवा, आणि तो घरी बनवता येतो. पाइप कापता येणारा कुणीही एका दिवसात करू शकेल. मात्र दोन-तीन ठिकाणी मिलिमीटर चुकला तर वर्षभराचे आकडे चुकतात. त्या जागांवर खाली जास्त लिहिलं आहे.

हिशोब आधी समजून घ्या

१ मि.मी. पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. एका गुंठ्यावर ते साधारण १०१ लिटर होतं आणि एका एकरावर ४,०४७ लिटर. म्हणजे १२,००० लिटरचा टँकर एका एकरात सारखा पसरला तर जेमतेम ३ मि.मी. पाऊस झाला. हा आकडा मुलांना सांगून पाहा, पावसाकडे बघायची त्यांची नजर बदलते.

मापकाचं सगळं गणित तोंडाच्या आतल्या व्यासावर चालतं. व्यास सें.मी.मध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने गुणा. हे झालं तोंडाचं क्षेत्रफळ, चौरस सें.मी.मध्ये. त्याला १० ने भागलं की १ मि.मी. पावसाला किती मि.ली. पाणी जमेल ते कळतं. आतून १०.५ सें.मी. असलेल्या पाइपाचं क्षेत्रफळ ८६.६ चौ. सें.मी. येतं, म्हणजे १ मि.मी.ला ८.६६ मि.ली. तोंड १२ सें.मी.चं असेल तर ११.३ मि.ली., १५ सें.मी.चं असेल तर १७.७ मि.ली. कुठं बरोबर ११.३ सें.मी. व्यासाचं तोंड मिळालं तर सोनंच, कारण तिथं १ मि.मी.ला १० मि.ली. पडतात आणि तोंडी हिशोब होतो.

पाणी कुठल्या भांड्यात साठलं, त्याचा आकार कसा होता, याने काही फरक पडत नाही. तोंडातून आलेला थेंबन् थेंब जपायचा आणि तो मि.ली.मध्ये मोजायचा. बादलीत पट्टी बुडवून जी चूक होते ती इथं होतच नाही.

साहित्य

आपल्याकडे शेतात पाइपलाइन नाही असं घर विरळा. ११० मि.मी.च्या, म्हणजे बोलीतल्या चार इंची, पीव्हीसी पाइपाचा दोन फुटांचा तुकडा घरीच निघेल, नाहीतर पाइपच्या दुकानात मागा. त्याच मापाचा एक कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, आणि एक एंड कॅप, म्हणजे टोक बंद करायचं झाकण, लागेल. कपलर घेताना आत मधोमध अडवणारी कड आहे ना ते पाहून घ्या. पाइप चिकटवायच्या सोल्युशनची सगळ्यात लहान डबी पुरते.

प्लास्टिकचं १२ सें.मी. तोंडाचं नरसाळं घ्या. डिझेल किंवा तेल ओतायला वापरलेलं नको. तेलकट प्लास्टिकवर पाणी थेंबाथेंबाने अडकून राहतं आणि उन्हात उडून जातं.

पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली, आडव्या रिंगांची असली तरी चालेल. अर्ध्या इंचाचे तीन स्क्रू, थोडं एम-सील, हॅक्सॉ ब्लेड, कानस, पॉलिश पेपर, आणि पट्टी. मोजायला मेडिकलवरून ५० किंवा ६० मि.ली.ची एक आणि १० मि.ली.ची एक सिरिंज आणा, सुईची गरज नाही. घरात १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर सिरिंजपेक्षा तो बरा. १ मि.ली. पाणी १ ग्रॅम भरतं, आणि ८.६६ ग्रॅमला १ मि.मी. म्हणजे १ ग्रॅमला साधारण ०.१ मि.मी. इतकी बारीक नोंद घरबसल्या मिळते.

कापणी आणि जोडणी

मापक दोन तुकड्यांचा होतो, वरच्यात नरसाळं बसतं आणि खालच्यात बाटली. पहिला तुकडा वरचा, २० सें.मी.चा. पाइप सरळ कापण्यासाठी वहीचा लांब कागद पाइपाभोवती घट्ट गुंडाळा. त्याच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की कागदाच्या काठाने पेन फिरवा. ही रेघ काटकोनातच येते. डोळ्याच्या अंदाजाने मारलेली रेघ दोन-तीन मि.मी. तिरकी जातेच. ब्लेड एका जागेवरून आरपार नेऊ नका. रेघेवर थोडं थोडं कापत पाइप फिरवत राहा.

खालच्या तुकड्याची लांबी बाटलीवर ठरते. बाटली एंड कॅपमध्ये उभी करा आणि तिचं तोंड पाइपाच्या वरच्या काठाच्या १ सें.मी. खाली राहील अशी खूण करा. एक लिटरच्या बहुतेक बाटल्यांना साधारण २८ सें.मी. लागतात. पण दुसऱ्याचं माप घेऊन कापू नका, हातातली बाटली मोजूनच कापा. पाइप कमी पडला तर नवा तुकडा लागतो. बाटली थोडी खाली राहिली तर तिच्याखाली फरशीचा तुकडा सरकवून भागतं.

आता वरच्या तुकड्याचा काठ. सगळ्या कामात ही जागा नाजूक आहे. पाइपाची भिंत दोन-तीन मि.मी. जाड असते. काठ सपाट ठेवला तर त्यावर पडलेला थेंब फुटून अर्धा आत जातो, अर्धा बाहेर, आणि तोंड नेमकं किती मोठं हे ठरतच नाही. म्हणून कानस बाहेरच्या बाजूने उताराने चालवा. आतली कड जशीच्या तशी राहिली पाहिजे आणि बाहेरून घासत घासत काठ सुरीच्या धारेसारखा झाला पाहिजे. शेवटी पॉलिश पेपरने बाहेरूनच साफ करा. आतून घासलंत तर व्यास वाढतो.

धार झाली की आतला व्यास मोजा, एकदा उत्तर-दक्षिण आणि एकदा पूर्व-पश्चिम. दोन्हींची सरासरी धरा. दुकानातला चार इंची पाइप जाडीप्रमाणे आतून १०.२ ते १०.६ सें.मी. भरतो, त्यामुळे वरचं १०.५ डोळे मिटून घेऊ नका. २ मि.मी. चुकलात तर क्षेत्रफळात जवळजवळ ४ टक्के फरक पडतो, म्हणजे १०० मि.मी. पावसात ४ मि.मी.ची खोट. दोन मापांत ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर पाइप उन्हात दबलेला आहे, दुसरा तुकडा घ्या. आलेला व्यास आणि त्यावरून काढलेला मि.ली.चा आकडा पाइपावरच ऑइल पेंटने लिहून ठेवा. वही हरवते, पाइप हरवत नाही.

नरसाळ्याचा काठ कात्रीने थोडा थोडा उतरवत न्या, वरच्या तुकड्यात खालून घट्ट सरकेपर्यंत. तोंडापासून १० सें.मी. खाली ते बसवा. इतकी खोली हवीच, कारण जोराचा थेंब नरसाळ्यावर आपटून वर उडतो. काठ जवळ असेल तर तो बाहेर निसटतो. नरसाळ्याच्या काठाला खालून आधार म्हणून बाहेरून तीन स्क्रू सारख्या अंतरावर मारा आणि त्यांच्या डोक्यांवर एम-सील लावा. नुसत्या एम-सीलने नरसाळं चिकटवायचा प्रयत्न बरेच जण करतात. नरसाळ्याच्या प्लास्टिकला ते धरत नाही आणि पहिल्या उन्हात सुटतं. स्क्रूचा आधार असला की काठालगत बारीक फट राहिली तरी भीती नाही. फटीतून गेलेलं पाणी खालच्या पाइपातच पडतं आणि तेही मोजता येतं.

कपलर कुठल्या तुकड्याला चिकटवायचा, इथं नवखा माणूस हमखास चुकतो. खालच्या तुकड्याला चिकटवून वरचा त्यात बसवला तर कपलरचं तोंड वर उघडं राहतं. पाइपाच्या बाहेरून ओघळणारं पावसाचं पाणी त्या सांध्यातून आत झिरपतं आणि आकडा फुगतो. म्हणून कपलर वरच्या तुकड्याच्या खालच्या टोकाला सोल्युशनने चिकटवा. आता तो खालच्या पाइपावर डब्याच्या झाकणासारखा बसेल आणि बाहेरचं पाणी कपलरवरून खाली गळून जाईल. खालचा पाइप कपलरमध्ये फार घट्ट जातो, रोज काढताना जीव जाईल. तिथं पाइपाला बाहेरून पॉलिश पेपर मारून तो हाताने सहज निघेल इतका सैल करा.

खालच्या तुकड्याला एंड कॅप भरपूर सोल्युशन लावून बसवा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी आत २ लिटर पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर चोवीस तास ठेवा. कागद ओला झाला तर गळती आहे. पाणी काढून, वाळवून, बाहेरून एम-सीलचा थर द्या.

सगळं जोडून झालं की नरसाळ्याची नळी बाटलीच्या तोंडात एक-दोन सें.मी. गेलेली दिसली पाहिजे. बाटलीत १ लिटर मावतं, म्हणजे ११५ मि.मी.पर्यंतचा पाऊस तिच्यात राहतो. त्याहून जास्त पडला तर पाणी बाटलीवरून ओसंडून खालच्या पाइपात साठतं. दोन्ही मिळून अडीचशे मि.मी.च्या आसपासचा पाऊस सांभाळता येतो.

शेवटी बाहेरून पांढरा ऑइल पेंट द्या. उघड्या पीव्हीसीला आपलं ऊन दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ करतं, आणि पांढऱ्या रंगाने आतलं पाणीही कमी तापतं. तोंडाच्या आतल्या भिंतीला रंग लावू नका.

जागा

चांगला मापक वाईट जागी ठेवला तर बादली बरी. नियम सोपा आहे. जवळचं झाड, भिंत किंवा शेड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. १२ फुटी भिंतीपासून २४ फूट. लिंबाच्या झाडाखाली तर नकोच. पाऊस असताना झाड पाणी अडवतं आणि थांबल्यावर अर्धा तास टपटपत राहतं.

गच्ची सोयीची वाटते, पण कठड्याला आपटून वारा वर उसळतो आणि थेंब मापकाच्या वरून उडून जातात. गच्चीशिवाय जागाच नसेल तर कठड्यापासून दूर, मधोमध ठेवा आणि आकडा थोडा कमीच येईल हे धरून चाला. घराचं अंगण, आखाड्याची, म्हणजे शेतातल्या घर-गोठ्याची, मोकळी बाजू किंवा वावराचा रुंद बांध उत्तम.

तोंड जमिनीपासून ३० सें.मी. उंच ठेवतात, हवामान खात्याच्या मापकाचीही हीच रीत आहे. याहून खाली गेलं तर जमिनीवर आपटलेला चिखल आत उडतो, वर गेलं तर वारा जास्त लागतो. आपला मापक साधारण ४८ सें.मी. उंच होतो, म्हणजे १८ सें.मी. जमिनीत.

पण काळ्या जमिनीत नुसता खड्डा करून तो गाडू नका. काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. जूनमध्ये ओळंब्यात बसवलेला पाइप ऑगस्टच्या उघडिपीत एका बाजूला कललेला दिसेल. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या. तळाशी दहा-बारा सें.मी. मुरूम ओला करून ठोका, त्यावर मापक उभा करा आणि चारी बाजूंनी मुरूमच ठोकून भरा. वर सभोवती दोन-तीन फूट खडी किंवा गवत असू द्या. उघडी माती असेल तर थेंब चिखल उडवतात आणि पांढरा पाइप एका पावसात तांबडा-काळा होतो. तो डागच तुम्हाला सांगतो की आतही चिखल गेला आहे.

तोंड सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हल पट्टीने दोन्ही दिशांनी तपासा. महिन्यातून एकदा पुन्हा पाहा. शेळ्या, कोंबड्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं यांच्यासाठी भोवती चार-पाच फुटांवर जाळी किंवा काट्या लावा, पण कुंपण मापकाच्या तोंडाहून उंच नको.

बसवल्यावर आधी खोटा पाऊस पाडून पाहा. १०.५ सें.मी. व्यासाच्या तोंडात ८७ मि.ली. पाणी सिरिंजने सावकाश सोडा. हा झाला १० मि.मी. पाऊस. बाटली काढून मोजा. ८५ ते ८७ मि.ली. परत मिळालं तर काम झालं. भिंतीला आणि नरसाळ्याला एखाद-दीड मि.ली. चिकटून राहणारच. ८० च्या खाली आलं तर नळी बाटलीबाहेर गळते आहे किंवा नरसाळ्याचा काठ उघडा आहे. खालच्या पाइपात हात घालून बघा, पाणी तिथं सापडेल.

रोजचं माप

वेळ सकाळी साडेआठची. हवामान खातं याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, म्हणून आपला आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडायचा तर वेळही तीच हवी. १४ जूनच्या संध्याकाळी पडलेला पाऊस १५ जूनच्या नोंदीत येतो. यावरून घरोघरी वाद होतात, म्हणून वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा: “तारीख ही मोजल्याची, पडल्याची नव्हे.”

वरचा भाग उचला, बाटली काढा. काटा असेल तर बाटली पाण्यासकट तोला आणि रिकाम्या बाटलीचं वजन वजा करा. बाटली बाहेरून पुसून घ्यायची, नाहीतर बाहेरचे थेंबही पावसात जमा होतात. समजा ३१२ ग्रॅम आले, रिकामी बाटली २२ ग्रॅमची. राहिले २९० ग्रॅम. ८.६६ ने भागा, ३३.५ मि.मी. पाऊस झाला.

सिरिंजने मोजत असाल तर मोठी सिरिंज भरून किती वेळा रिकामी केली याच्या काड्या पाडत जा, शेवटचं उरलेलं लहान सिरिंजने. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, टोक वर करून टिचकी मारा आणि हवा काढा. ११५ मि.मी.च्या वर पाऊस होऊन पाणी खालच्या पाइपात गेलं असेल तर मापक उपटू नका. मोठ्या सिरिंजला सलाइनच्या नळीचा तुकडा लावून ते ओढून घ्या, शेवटचं पाणी फडक्याने टिपून भांड्यात पिळा, आणि बाटलीच्या मापात मिळवा.

रोज हिशोब करायचा कंटाळा असेल तर मापनळी करून ठेवा. सरळ भिंतीची अरुंद प्लास्टिकची बरणी घ्या, चार-पाच सें.मी. व्यासाची. बाहेर कागदाची पट्टी चिकटवा. सिरिंजने ४३.३ मि.ली. ओता आणि रेघ मारा, ती ५ मि.मी.ची. पुन्हा ४३.३ मि.ली., १० मि.मी. असं वर जा. एकेक मि.मी. ८.६६ मि.ली.ने मोजत गेलात तर प्रत्येक वेळची बारीक चूक साठत जाते. मधल्या रेघा पट्टीने सारख्या वाटून घ्या. वरून रुंद पारदर्शक टेप लावा. पाणी वाचताना डोळा पाण्याच्या पातळीशी आणा, आणि कडेला वर चढलेला पाण्याचा काठ न धरता मधली सपाट रेघ वाचा.

०.१ मि.मी.पेक्षा कमी, म्हणजे बाटलीचा तळ नुसता ओला, असं असेल तर “थेंब” लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहायचंच. रिकामी जागा म्हणजे मोजलं नाही आणि ० म्हणजे मोजलं पण पडला नाही, या दोन गोष्टी महिन्यानंतर आठवत नाहीत. गावाला गेला असाल तर परत आल्यावर सगळं पाणी एकदम मोजा आणि “४ दिवसांचा मिळून” असं लिहा. ते चार दिवसांत वाटून टाकू नका.

वहीत तारीख आणि मि.मी. एवढ्यावर थांबू नका. पाऊस कधी सुरू झाला, किती वेळ पडला आणि कसा, हेही दोन शब्दांत घ्या. ३० मि.मी. अर्ध्या तासात कोसळला तर तो उतारावरून माती घेऊन ओढ्याला जातो. तेच ३० मि.मी. दिवसभर भीज पावसाने आले तर रानात मुरतात. आकडा एक, पण पिकासाठी पाऊस दोन. नक्षत्राचा एक रकाना ठेवा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती, प्रत्येकाचे तेरा-चौदा दिवस. दोन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या की कुठलं नक्षत्र आपल्या शिवारात खरंच बरसतं ते बेरजेत दिसतं. “पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती” म्हणताना स्वातीचे मि.मी. जवळ असलेले बरे.

आकडा कशाशी लावायचा

हवामान खात्याच्या मोजणीत २.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त पडला तरच तो दिवस पावसाचा धरतात. १५.५ पर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ११५.५ पर्यंत जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार. महसूल खात्याच्या भाषेत मंडळात चोवीस तासांत ६५ मि.मी.च्या वर गेला की अतिवृष्टी. नुकसानीच्या सरकारी कामात मंडळाच्या केंद्राचाच आकडा धरतात, घरच्या वहीचा नाही. पण आपल्याकडे ९० आणि केंद्रावर ४० असं दिसलं तर तलाठ्याशी आणि कृषी सहायकाशी बोलताना हातात तारीखवार वही असणं आणि “लई पडला साहेब” म्हणणं यात फार अंतर आहे.

सगळ्यात मोठा उपयोग पेरणीला. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर खरिपात सांगतं, ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन, कापूस पेरू नका. ही बेरीज कशी करायची ते नीट पाहा. ८ जूनला २२, ९ ला १८, ११ ला ४० असे ८० मि.मी. झाले तर वाफसा येताच पेरणीचा विचार करता येतो. पण ८ जूनला ४० आणि मग बारा दिवस कडक ऊन पडून २१ ला पुन्हा ४० आले, तर वहीत ८० असले तरी रानात ८० नाहीत. पहिले ४० भेगांनी पिऊन उन्हाने उडवले. म्हणून आकड्यासोबत फावड्याने उकरून ओल किती खोल गेली तेही बघा आणि शेऱ्यात लिहा, “वीतभर” किंवा “चार बोटं”. दुबार पेरणीचं बियाणं आणि खत कुणालाच परवडत नाही. हे दोन मिनिटांचं काम तेवढ्यासाठी करायचं.

घराच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत घेणाऱ्यांनाही हाच आकडा लागतो. १० बाय १५ फुटांचा पत्रा म्हणजे १३.९ चौ. मीटर. १० मि.मी. पावसात त्यावर १३९ लिटर पडतं. पन्हाळीचे सांधे गळत असतील तर टाकीत त्याहून फार कमी येईल, आणि गळती किती हे पहिल्यांदा आकड्यात कळेल.

बिघाड कुठं होतो

आकडा शेजारच्या मापकापेक्षा सतत कमी येत असेल तर आधी नरसाळं बघा. पाचोळा, मुंगळ्यांचं वारूळ, कधी कुंभारमाशीने नळीत केलेलं मातीचं घर. पाणी नरसाळ्यात साचून राहतं आणि दुपारी उडून जातं. बारीक जाळी लावायचा मोह टाळा, जाळीच्या भोकांत पाणी धरून राहतं आणि हलका पाऊस गायब होतो. रोज सकाळी एक नजर टाकणं हाच उपाय. काठावर पक्षी बसून घाण करत असतील तर शेजारी तीन-चार मीटरवर मापकाहून उंच एक काठी रोवा, ते तिथं बसतात.

आकडा सतत जास्त येत असेल तर कपलर उलटा लावला आहे का, आणि तोंड आतून घासलं गेलं आहे का, ते तपासा. थंडीत पाऊस नसताना सकाळी ०.१-०.२ मि.मी. दिसलं तर ते दव. “दव” असं लिहून बेरजेतून वगळा. वादळी पावसात वारा थेंब तिरके नेतो आणि मापकात खरं तर कमी पडतं. याला घरगुती दुरुस्ती नाही, शेऱ्यात “वारा” लिहा आणि आकडा आहे तसा ठेवा. अंदाजाने वाढवलेला आकडा वहीला बिघडवतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तशी वेळ आली तर गारा नरसाळ्यात अडकून ढीग होतो. वाट बघत बसू नका, उन्हाने त्या वितळता वितळता उडतात. २०० मि.ली. कोमट पाणी मोजून त्यावर ओता. सगळं वितळून बाटलीत उतरलं की एकूण मापातून २०० वजा करा. उकळतं पाणी नको, पाइप वाकतो. मोठ्या गारेने नरसाळ्याला चीर गेली असेल तर ते बदलावं लागेल, म्हणून तेवढ्याच मापाचं दुसरं नरसाळं आणून ठेवलेलं बरं.

लहान मुलांसाठी

शाळकरी मुलांना आजच्या आज काही करून बघायचं असेल तर सरळ भिंतीची २ लिटरची बाटली मानेखाली कापा आणि वरचा भाग उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवा. तळाचा वाकडातिकडा भाग भरेपर्यंत खडे आणि पाणी घाला, त्या पातळीला शून्याची रेघ मारा आणि तिथून वर पट्टी चिकटवा. तोंड आणि साठवण सारख्याच रुंदीची असल्याने पट्टीवरचा १ मि.मी. म्हणजे पावसाचा १ मि.मी. ती विटांच्या मध्ये दाबून ठेवा, वारा बाटली उडवतो. सकाळी मोजल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायला विसरू नका. कोरड्या दिवसांत शून्याचं पाणी उडून रेघ खाली जाते, आणि पुढचा पाऊस तेवढाच कमी दिसतो. शिकायला हे पुरेसं आहे, पेरणी ठरवायला नाही.

हिवाळ्या-उन्हाळ्यातला पाऊस मोजायचा नसेल तर परतीचा पाऊस आटोपला, ऑक्टोबर संपला की वरचा भाग आणि बाटली घरात न्या, खालच्या पाइपाला पालथा डबा घाला. उन्हाळ्यात नरसाळं आणि एम-सील तडकतं. रोहिण्या लागल्या की, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, सगळं पुन्हा जोडा, लेव्हल पट्टी ठेवा आणि तोंडातून ८७ मि.ली. ओता. ८५ च्या वर परत आलं तर वहीचं नवं पान उघडा.